डेटा नावाच्या डिस्कवर डेटा नव्हता

सकाळी पावणेसहाला फोन वाजला की तो संकलनाचाच असतो. "ताई, मशीन एंट्री घेईना झालंय. लाइट आहे, नेट आहे, पण सेव्ह मारलं की नुसतं गोल गोल फिरतंय." तो ठेवतेय तोवर दुसरा. सव्वासहापर्यंत अकरा सेंटरचे फोन येऊन गेले आणि मी ओल्या केसांनीच स्कूटी काढली.

मी एका तालुक्याच्या दूध संघात कॉम्प्युटर विभाग बघते. विभाग म्हणजे मी आणि प्रिंटर-केबल बघणारा एक पोरगा. गावोगावची सेंटरं सकाळ-संध्याकाळ दूध घेतात, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजतात आणि ती नोंद आमच्या ऑफिसातल्या सर्व्हरवर येते. दर दहा दिवसांनी त्यावरूनच शेतकऱ्यांची बिलं निघतात. रोजच्या पन्नास हजारांच्या वर नोंदी. हे सगळं पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये. त्यातून हवा तो रिपोर्ट काढून देणं हे माझं काम, आणि ते मला बऱ्यापैकी येतं असा माझा समज होता.

पण नोंदींचं टेबल नक्की कुठं आहे, असं कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, डेटाबेसमध्ये. डेटाबेस कुठं? सर्व्हरवर. सर्व्हरवर कुठं? इथं तर मी छातीठोक सांगितलं असतं, डेटा डिस्कवर. कारण तीन वर्षांपूर्वी सर्व्हर बसवला तेव्हा व्हेंडरच्या माणसानं पुढच्या बाजूला दोन चिकटपट्ट्या लावल्या होत्या. १२० जीबीच्या एसएसडीवर मार्करनं 'सिस्टीम' आणि ९६० जीबीच्या एसएसडीवर 'डेटा'. मोठी डिस्क डेटासाठी म्हणून वेगळी मंजूर करून घेतली होती, तिचा ठराव संचालक मंडळाच्या प्रोसिडिंगमध्ये आहे.

सर्व्हरवर पोचले आणि पहिली कमांड मारली डीएफ. कुठल्या डिस्कवर किती जागा उरली ते ती सांगते. डेटा डिस्क २ टक्के भरलेली. सिस्टीम डिस्क १०० टक्के.

मी दोनदा बघितलं. तीन वर्षांचं दूध त्या २ टक्क्यांत कसं मावेल?

मग फोल्डरांचे आकार सांगणारी डीयू कमांड लावून सिस्टीम डिस्कवर कोण बसलंय ते शोधत गेले. मूळ फोल्डरात व्हार, व्हारमध्ये लिब, लिबमध्ये पोस्टग्रेस-क्यूएल, त्यात १४, त्यात मेन. एवढं आत गेल्यावर ८५ जीबी सापडले. उबुंटू या लिनक्सवर पोस्टग्रेस पॅकेजमधून बसवलं की ते डेटा ठेवतं ते इथंच, आवृत्तीच्या आकड्याखाली मेन नावाच्या फोल्डरात. दुसरीकडे ठेव असं सांगितलं तरच ते दुसरीकडे ठेवतं. आमच्याकडे ते सांगायचंच राहून गेलं होतं. चिकटपट्टी लावली, तेवढंच.

त्या ८५ जीबीतले २१ जीबी बेस नावाच्या फोल्डरात होते आणि तब्बल ६४ जीबी पीजी-वॉल नावाच्या. पीजी-वॉलमध्ये डोकावले तर चोवीस अक्षरी अगम्य नावांच्या, प्रत्येकी बरोबर १६ एमबीच्या चार हजारांवर फाइली. मला हायसं वाटलं. हे जुने लॉग दिसतायत, निम्मे पुसले की काम झालं. पुसायची कमांड टाइप केली होती, एंटर मारायचा बाकी होता. का कुणास ठाऊक, आधी कॉलेजच्या मित्राला फोन लावला. तो पुण्यात डेटाबेसचंच काम करतो.

"एंटर मारू नकोस," तो झोपेतून उठून म्हणाला, "आधी कीबोर्डवरचा हात काढ."

मग त्यानं जे सांगितलं ते माझ्या डोक्यात कायमचं बसलं, कारण त्याचे वडील अडत दुकानात दिवाणजी होते आणि तो दिवाणजीच्या भाषेत बोलला. "कीर्द आणि खतावणी माहीत आहे ना? व्यवहार झाला की आधी कीर्दीत, ज्या क्रमानं झाला त्या क्रमानं. मग सवडीनं ज्याच्या त्याच्या खात्यावर खतावणीत. तुझी टेबलं म्हणजे खतावणी. पीजी-वॉल ही कीर्द. लाइट गेली, खतावणी अर्धी राहिली, तर उठल्यावर पोस्टग्रेस कीर्द वाचून खतावणी पुरी करतं. आणि तू कीर्दच फाडायला निघालीस."

या फोल्डरचं नाव आधी पीजी-एक्सलॉग होतं म्हणे. २०१७ साली आलेल्या १० व्या आवृत्तीत ते बदललं. शेजारी पीजी-सीलॉग होतं, त्याचं पीजी-एक्सॅक्ट झालं. कारण एकच, नावात लॉग दिसला की जागा करायला माणसं पुसून टाकायची आणि डेटाबेस गमावून बसायची. मी नाव बदललेलं असूनही पुसायला निघाले होते, ते सोडा.

आता अडचण अशी की पोस्टग्रेस उठायलाच तयार नव्हतं. कीर्दीचं नवं पान लिहायला जागा नाही म्हणून पॅनिक, पुन्हा सुरू, पुन्हा पॅनिक. व्हार-लॉगमधल्या त्याच्या खऱ्याखुऱ्या, वाचायच्या लॉगमध्ये 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' या ओळीची माळ लागली होती. थोडी तरी जागा करणं भाग होतं, पण डेटाबेसच्या फोल्डराला हात न लावता. इथं मित्रानं एक युक्ती सांगितली. एक्सटी-४ फाइल सिस्टीम डिस्कचा ५ टक्के भाग फक्त रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरसाठी, राखून ठेवते. पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नाही, त्यामुळे त्याला ती जागा मिळतच नाही. राखीव भाग ट्यून-टू-एफएस या कमांडनं ५ वरून १ टक्क्यावर आणला आणि चार जीबीच्या वर जागा क्षणात मोकळी झाली. काही न पुसता. सात वाजून दहा मिनिटांनी पोस्टग्रेस उठलं. सेंटरांनी तोवर वहीत लिहून घेतलं होतं. त्या नोंदी नंतर हातानं भरताना सेंटरच्या पोरांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

कीर्द एवढी फुगली का, याचं उत्तर दहा मिनिटांत मिळालं. आमच्या शीतकरण केंद्रावर एक जुनं मशीन होतं, त्यावर या डेटाबेसची जिवंत प्रत चालायची. उन्हाळ्यात ते जळालं, भंगारात गेलं. पण मुख्य सर्व्हरवर त्याच्या नावाचा रेप्लिकेशन स्लॉट तसाच राहिला. स्लॉट म्हणजे हमी असते. समोरच्यानं जोवर वाचलं नाही तोवर कीर्दीचं पान फाडणार नाही, अशी. समोरचा भंगारात आणि हे आपलं इमानदारीत तीन महिने पानं राखून बसलं होतं. पीजी-रेप्लिकेशन-स्लॉट्स या व्ह्यूत ॲक्टिव्हसमोर 'एफ', म्हणजे फॉल्स, दिसला. स्लॉट काढला, चेकपॉइंट मारला (कीर्दीतलं आतापर्यंतचं सगळं खतावणीत चढव, असा हुकूम) आणि ६४ जीबीचं फोल्डर माझ्या डोळ्यांदेखत एका जीबीवर आलं. १३ व्या आवृत्तीपासून स्लॉटनं जास्तीत जास्त किती वॉल, म्हणजे कीर्द, अडवून धरायची याची मर्यादा घालता येते, पण ती आपणहून घातलेली नसते. आम्ही १० जीबी घातली.

इथं गोष्ट संपली असती. पण दहा वाजता चेअरमन साहेब आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काही गेलं असतं तरी बॅकअप होताच की."

हो म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

बॅकअप रोज रात्री एक वाजता व्हायचा. सर्व्हरला लावलेल्या दोन टीबीच्या यूएसबी डिस्कवर फाइलींची प्रत काढणारं आरसिंक चालायचं, सकाळी मला मेसेज यायचा, 'बॅकअप यशस्वी'. मी त्याला अंगठा द्यायची. आरसिंक कशाची प्रत काढत होतं? डेटा डिस्कची. आणि डेटा डिस्कवर काय होतं? बिलांच्या पीडीएफ, ऑडिटचे स्कॅन, आणि फॉरमॅट केल्यावर आपोआप होतं ते लॉस्ट-अँड-फाउंड नावाचं रिकामं फोल्डर. दुधाची एकही नोंद नाही. तीन वर्षं रोज रात्री, न चुकता, यशस्वीपणे, आम्ही डेटाबेस सोडून सगळ्याचा बॅकअप घेत होतो.

साहेबांना मी म्हटलं, बघून सांगते. केबिनबाहेर येऊन पाण्याची अख्खी बाटली संपवली आणि सगळ्यात आधी पीजी-डंप, म्हणजे पोस्टग्रेसनंच लिहून दिलेली डेटाबेसची प्रत, काढला. तो मोठ्या डिस्कवर, त्याची एक प्रत माझ्या लॅपटॉपवर. तेव्हा कुठं छाती धडधडायची थांबली.

डेटाबेस मोठ्या डिस्कवर हलवायचा हे त्याच दुपारी ठरलं. पण या वेळी मी न बघता काही हलवणार नव्हते. रविवार आणि त्याला लागून आलेली सुट्टी मी लॅपटॉपवर तीच उबुंटू, तेच पोस्टग्रेस १४ टाकून फोल्डर पालथं घालण्यात घालवली. इतकी वर्षं सिलेक्ट, म्हणजे डेटा मागवायच्या ओळी, लिहिणाऱ्या बाईला खाली काय आहे हे बघायला डिस्क भरायची वाट बघावी लागली.

पहिला धडा दारातच. फोल्डरात जायला गेले तर परवानगी नाही. मेन फोल्डर पोस्टग्रेस नावाच्या युजरच्या मालकीचं आणि इतर कुणाला आत डोकावायचीही मुभा नाही. ही परवानगी सगळ्यांना खुली केली तर पोस्टग्रेस सुरू व्हायलाच नकार देतं, इतकं ते सोवळं पाळतं. रूट होऊन आत गेले. आधी पत्ता अंदाजानं न शोधता त्यालाच विचारला. पीएसक्यूएल या त्याच्या कमांड खिडकीत 'शो डेटा डिरेक्टरी' म्हटलं की पूर्ण पत्ता येतो. बाहेरून विचारायचं तर उबुंटूवर पीजी-एलएसक्लस्टर्स ही कमांड आहे, ती एका ओळीत आवृत्ती, पोर्ट, मालक, डेटाचं फोल्डर आणि लॉगची फाइल सगळं सांगते. तीन वर्षांत ही एक ओळ एकदा जरी वाचली असती तर चिकटपट्टीवर विश्वास ठेवला नसता.

डेबियन-उबुंटूची एक खोड इथंच कळली. सेटिंगच्या फाइली डेटाबरोबर नसतात, त्या एट्सी फोल्डराखाली वेगळ्या. रेड हॅट या दुसऱ्या लिनक्स घराण्यात त्या डेटाच्याच फोल्डरात असतात आणि मधल्या फोल्डरचं नावही आखूड, पीजीएसक्यूएल. म्हणून इंटरनेटवरचा सल्ला वाचताना तो कुठल्या घराण्यातल्या माणसाचा आहे हे आधी बघावं लागतं.

मेनमध्ये वीसेक फोल्डर-फाइली. पीजी-व्हर्जन नावाच्या फाइलीत फक्त '१४' एवढंच लिहिलेलं. ग्लोबल फोल्डरात सगळ्या डेटाबेसांना सामाईक गोष्टी आणि पीजी-कंट्रोल नावाची छोटी फाइल, जिच्यात शेवटचा चेकपॉइंट कुठं झाला ते असतं. सर्व्हर चालू असेल तर पोस्टमास्टर-डॉट-पीआयडी, चालू असल्याची खूण. टेबलस्पेस, म्हणजे डेटासाठी दुसरीकडच्या जागा, केले असतील तर त्यांचे दुवे पीजी-टीबीएलस्पेसमध्ये. आमचं रिकामं. आणि बेस.

बेसमध्ये नावं नाहीत, आकडे आहेत. प्रत्येक डेटाबेसचं एक फोल्डर, त्याचं नाव म्हणजे डेटाबेसचा ओआयडी, पोस्टग्रेसनं दिलेला ओळखीचा आकडा. आपण केलेल्या गोष्टींचे आकडे १६३८४ पासून पुढे, त्याखालचे पोस्टग्रेसनं स्वतःसाठी राखलेले. लॅपटॉपवर मी नवा डेटाबेस केला तर फोल्डर आलं १६३८४. त्यात 'चाचणी' नावाचं एका रकान्याचं टेबल केलं आणि पीजी-रिलेशन-फाइलपाथ या फंक्शनला विचारलं, हे कुठं आहे? उत्तर आलं, बेस, १६३८४, १६३८५. जाऊन बघितलं. होती फाइल. शून्य बाइटची.

मग एक ओळ घातली. एकच शब्द, 'गोठा'. फाइल लगेच ८१९२ बाइटची झाली. पोस्टग्रेस फाइल वाढवतं ते ८ केबीच्या पानापानानं, बारा बाइटचा शब्द असला तरी पान अख्खं. फाइलीतले कच्चे बाइट दाखवणारं हेक्सडंप लावून आत बघितलं तर सगळी शून्यं! सिलेक्ट मारलं तर 'गोठा' येतोय, आणि फाइलीत नुसती शून्यं. मी पाच मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले. मग दिवाणजीचा पोरगा आठवला. कीर्दीत लिहिलंय, खतावणीत अजून नाही. पान मेमरीत भरलेलं आहे, डिस्कवर त्याची फक्त जागा धरून ठेवली आहे. हातानं चेकपॉइंट मारला, पुन्हा हेक्सडंप. आता आलं. पानाच्या सुरुवातीला थोडी खरड, मधे लांबलचक रिकामं, आणि अगदी शेवटच्या ओळीत ई० ए४ ९७, ई० ए५ ८बी, ई० ए४ ए०, ई० ए४ बीई. ग, ओकार, ठ, काना. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट खातं, चार चिन्हं, बारा बाइट. ओळी पानाच्या तळापासून वर भरत येतात आणि त्यांची यादी वरून खाली, म्हणून माझा गोठा अगदी तळाशी होता.

इतकी वर्षं टेबल म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं रकाने यायचे. त्या दिवसापासून पान येतं.

पुढचं पटापट बघितलं. फाइल १ जीबीची झाली की तिथं थांबते आणि त्याच आकड्यापुढं बिंदू देऊन १, २, ३ अशा नव्या फाइली उघडतात. आमचं संकलनाचं टेबल सर्व्हरवर बिंदू ६ पर्यंत गेलेलं होतं. शेजारी त्याच आकड्याच्या एफएसएम आणि व्हीएम शेपटीच्या छोट्या फाइली, एकीत कुठल्या पानात जागा आहे त्याची नोंद, दुसरीत कुठली पानं पुन्हा तपासायची गरज नाही त्याची. डिलीट केलं तर फाइल लहान होत नाही हेही बघितलं. व्हॅक्यूम फुल मारलं तर होते, पण ते अख्खी नवी फाइल लिहितं, म्हणजे जागा हवी तेव्हाच जागा मागतं, आणि फाइलीचा आकडाही बदलतो. म्हणून आकडे कुठं लिहून ठेवायचे नाहीत, दर वेळी विचारायचे.

हलवायची रात्र बिलाच्या दुसऱ्या दिवशीची धरली. दहावड्याचं बिल निघून गेलेलं, पुढचं नऊ दिवस लांब. संध्याकाळचं संकलन साडेआठला संपतं, सकाळचं साडेपाचला सुरू. मधल्या नऊ तासांत जे करायचं ते करायचं.

नवी जागा ठरवताना मित्रानं एक अट घातली होती, डिस्क ज्या फोल्डरावर माउंट केलेली, म्हणजे जोडलेली, असते थेट त्यातच डेटा ठेवायचा नाही, त्याच्या आत एक फोल्डर करून त्यात ठेवायचा. पोस्टग्रेसच्या मॅन्युअलमध्येही हेच आहे. मी तेव्हा नुसतं हो म्हटलं. त्याचं महत्त्व मला त्याच रात्री साडेबाराला कळायचं होतं.

पावणेनऊला, डेटाबेस चालू असतानाच, पहिलं आरसिंक लावलं. ही प्रत अर्धवटच असणार, कारण खालून फाइली बदलत असतात. पण जड वाहतूक आधीच होऊन जाते. मग पोस्टग्रेस थांबवलं, खरंच थांबलंय ना ते बघितलं, आणि दुसरं आरसिंक, या वेळी दोन गोष्टी जोडून. एक, चेकसम, म्हणजे फाइलीतला मजकूर ताडूनच ठरवायचं. आरसिंक एरवी आकार आणि वेळ बघून फाइल तशीच आहे असं मानतं, आणि एका सेकंदाच्या आत बदललेली फाइल त्यातून निसटू शकते. दोन, मूळ जागी नसलेलं नव्या जागेहून काढून टाक. नाहीतर पहिल्या फेरीत आलेली पोस्टमास्टरची पीआयडी फाइल तिथंच पडून राहते. पत्त्यामागची तिरकी रेघ विसरून मेनमध्ये मेन करून ठेवणं, हे मी लॅपटॉपवर सरावात करून घेतलं होतं, त्यामुळे खरी वेळ आली तेव्हा बरोबर झालं.

जुन्या फोल्डरचं नाव बदलून 'मेन-जुनं' केलं. पुसलं नाही, पण त्या नावानं ते चुकूनही उघडलं जायला नको. एट्सीमधल्या सेटिंग फाइलीत डेटा डिरेक्टरीची ओळ बदलली. सुरू केलं.

उठलं नाही. फोल्डर सापडत नाही किंवा उघडता येत नाही, असं म्हणे. मी रूट होऊन बघतेय तर समोर दिसतंय! मेनची मालकी पोस्टग्रेसची, परवानगी जशीच्या तशी. वीस मिनिटं मी मेनकडेच बघत होते. शेवटी मित्रानं सांगितलं, नेमआय ही कमांड चालव, ती पत्त्यातल्या प्रत्येक पायरीची परवानगी दाखवते. तिसऱ्या ओळीला सापडलं. डेटा डिस्कचं वरचं फोल्डर व्हेंडरनं ऑफिस ग्रुपपुरतं बंद करून ठेवलेलं. घर आपलं, किल्ली आपली, पण गल्लीच्या तोंडाला फाटक. वरच्या फोल्डरातून फक्त पलीकडे जायची परवानगी दिली आणि पोस्टग्रेस दोन सेकंदांत उठलं. शो डेटा डिरेक्टरी, नवा पत्ता. संध्याकाळची शेवटची नोंद बघितली, ८ वाजून २६ मिनिटं, म्हशीचं दूध, ४.२ लिटर, फॅट ७.१. आहे.

खरं तर तेव्हा घरी जाता आलं असतं. सव्वाबारा वाजले होते. पण हा सर्व्हर लाइट गेली, यूपीएस संपला की आपोआप बंद होऊन आपोआप उठतो, तेव्हा मी समोर असेन असं नाही. म्हणून मुद्दाम रीस्टार्ट केला.

उठला, पण पोस्टग्रेस नाही. डेटा डिस्कवर आमचं फोल्डरच नाही! पोटात गोळा आला. डीएफ मारलं तर डेटाच्या जागी ९६० जीबीची डिस्क नव्हतीच, दोन टीबीची दिसत होती. यूएसबी. व्हेंडरनं एफएसटॅबमध्ये, म्हणजे कुठली डिस्क कुठं जोडायची त्या यादीत, डिस्कची ओळख एसडीबी-१ अशी लिहिली होती. ती ओळख म्हणजे ज्या क्रमानं डिस्क सापडल्या तो क्रम, पक्कं नाव नव्हे. या वेळी यूएसबी आधी सापडली, तिला ते नाव मिळालं आणि ती डेटाच्या गादीवर जाऊन बसली. पोस्टग्रेसला त्याचं फोल्डर तिथं मिळालं नाही, ते सरळ उठायचं थांबलं, आणि तेच बरं झालं. एखाद्या स्क्रिप्टनं, फोल्डर रिकामं दिसतंय म्हणून तिथं नवा कोरा डेटाबेस मांडला असता तर सकाळी सेंटरांनी त्यात एंट्र्या भरायला घेतल्या असत्या.

बीएलकेआयडी कमांडनं दोन्ही डिस्कांचे यूयूआयडी, म्हणजे पक्के ओळख-क्रमांक, काढले, एफएसटॅबमध्ये एसडीबीच्या जागी ते लिहिले. यूएसबीला 'नसली तरी चालेल' अशी सूट, डेटा डिस्कला नाही. शिवाय सर्व्हर उठताना सगळं सुरू करणाऱ्या सिस्टीम-डीला सांगून ठेवलं की ही डिस्क माउंट झाल्याशिवाय पोस्टग्रेस सुरू करायचंच नाही. मग दोन वेळा रीस्टार्ट, एकदा यूएसबी लावून, एकदा काढून. दोन्ही वेळा बरोबर.

राहिला बॅकअप. गंमत अशी की डेटाबेस आता खरंच डेटा डिस्कवर आला होता, म्हणजे रात्री एकचं ते आरसिंक आता त्याचीही प्रत काढणार होतं. तीन वर्षांचा दोष आपोआप मिटला, असं मला क्षणभर वाटलंही. पण चालू डेटाबेसच्या फाइली नुसत्या उचलून आणल्या तर ती प्रत म्हणजे अर्ध्या पानावर तोडलेली खतावणी. उघडेल याची शाश्वती नाही, आणि उघडली तर जास्तच वाईट. पोस्टग्रेसचं फोल्डर त्या आरसिंकमधून वगळलं, त्याच्या आधी पीजी-डंप लावला. दर रविवारी तो डंप लॅपटॉपवर भरून नोंदी मोजायच्या हे माझ्या वहीत लिहिलं. 'बॅकअप यशस्वी' मेसेजमध्ये आता डंपचा आकारही येतो. आकार आदल्या दिवसापेक्षा कमी दिसला तर अंगठा द्यायचा नाही.

पाच वाजता पोराला फोन करून चहा घेऊन बोलावलं. साडेपाचला पहिल्या सेंटरची नोंद येणार होती. मी पीजी-रिलेशन-फाइलपाथनं संकलनाच्या टेबलाची फाइल विचारून घेतली होती आणि तिच्या बिंदू ६ या तुकड्याची वेळ स्क्रीनवर लावून बसले होते. ५ वाजून ३४ मिनिटांनी पहिली नोंद आली, मग दुसरी, चौथी. बिंदू ६ ची वेळ हलेना. पीजी-वॉलमधल्या शेवटच्या फाइलीची मात्र हलत होती.

"ताई, एंट्री आली की! आता कशाची वाट बघताय?" पोरगं म्हणालं.

"चेकपॉइंटची," मी म्हटलं. चहा संपेपर्यंत बिंदू ६ च्या पुढं ५:३८ उमटले.